बिनपिनांची घोडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आज मी गिटारबद्दल बोलणार आहे. तिच्या सुरांबद्दल नाही, तिच्या पोटावर चिकटवलेल्या एका लाकडी पट्टीबद्दल. एका कवीला हा उद्योग कुणी सांगितला, असं तुम्ही म्हणाल. त्याचं उत्तर सोपं आहे. आमच्या रेवदंडा-मुरूड पट्ट्यात गेल्या काही वर्षांत घरोघरी गिटारी आल्या, पण त्या दुरुस्त करणारा माणूस आला नाही. वाद्य बिघडलं की मुंबई गाठायची, आणि पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेला जाणारी लाँच बंद. मग मी आणि आमच्या मोहल्ल्यातले एक वृद्ध सुतार, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, असे दोघं हळूहळू या कामात ओढले गेलो. चाचांनी उमेदीत होड्या बांधल्या. लाकूड आणि पाणी यांचं भांडण त्यांना माझ्यापेक्षा फार जवळून ठाऊक आहे.

ज्या पट्टीवर तारा टेकतात तिला गिटारवाले ब्रिज म्हणतात. आपल्याकडे सतारीला, तंबोऱ्याला घोडी असते. मी तोच शब्द वापरणार आहे. आणि घोडी ज्या पातळ फळीवर बसते तिला सतारीच्या भाषेत तबली म्हणतात. दोन्ही शब्द मराठी कानांना परिचयाचे आहेत, आणि या दोन वाद्यांची तुलना केल्याशिवाय आजचा विषय नीट उलगडायचा नाही.

मिरजेला सतारी-तंबोरे करणारी मुस्लिम कारागिरांची घराणी आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांच्या पिढीत ते हात तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तर या सतारीची तार बघा. ती घोडीवरून पुढे जाते आणि भोपळ्याच्या बुडाशी असलेल्या लंगोटाला अडकते. तारेची ओढ सगळी लंगोटावर. घोडीला फक्त वरून दाब सोसायचा असतो. म्हणून कारागीर आपलं सगळं कसब जवारी काढण्यात घालतो. घोडी निसटून उडेल ही चिंता त्याला नसते. तारांचा दाबच तिला जागेवर बसवून ठेवतो.

गिटारला लंगोट नसतो. काही जुन्या पद्धतीच्या गिटारींना बुडाशी पत्र्याचा तारधारक असायचा, त्यांची गोष्ट वेगळी. पण आज दुकानात टांगलेल्या बहुतेक गिटारींत तार घोडीपाशीच संपते. म्हणजे घोडी नुसती टेकू राहत नाही, तीच खुंटा होते. बैल बांधलेला खुंटा, आणि तो जमिनीत पुरलेला नाही, जमिनीवर चिकटवलेला आहे!

यातही दोन जाती आहेत. पोलादी तारांच्या बहुतेक गिटारींत घोडीला सहा भोकं असतात. तारेच्या टोकाला पितळेचा छोटा मणी असतो. तो भोकातून आत, वाद्याच्या पोटात सोडायचा आणि वरून पिन ठोकायची. मणी आतल्या बाजूने तबलीखालच्या लाकडी पट्टीला अडकतो. तार मण्याला वर ओढते आणि तीच तार घोडीच्या माथ्यावरच्या हाडाच्या पट्टीला, म्हणजे सॅडलला, खाली दाबते. परिणामी तबली आणि घोडी एकमेकींवर आवळल्या जातात. डिंकाला तेवढीच मदत होते.

दुसरी जात बिनपिनांची. हिच्यात तार घोडीच्या मागच्या अंगाच्या भोकातून ओवून पुढे काढतात. मणी घोडीच्या पाठीशीच अडतो, पोटात काही जात नाही. अमेरिकेतली ओव्हेशन, उत्तर आयर्लंडमधली लोडेन या गिटारी अशा घोडीसाठी ओळखल्या जातात. फायदे खरे आहेत. पिना हरवत नाहीत, तार बदलणं दोन मिनिटांचं काम, आणि आतली पट्टी मणी घासून झिजत नाही. पण आता सगळी ओढ घोडी आणि तबली यांच्यामधल्या डिंकाच्या एका थरावर येते. तो थर कागदाहूनही पातळ.

ही कल्पना नवी समजू नका. अरबांच्या ऊद या वाद्यात तारा तबलीवर चिकटवलेल्या घोडीलाच बांधतात. अल्-ऊद म्हणजे लाकूड. हेच वाद्य स्पेनमार्गे युरोपात गेलं आणि त्याच्याच नावावरून तिकडे ल्यूट हा शब्द झाला. एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेसने आजच्या अभिजात गिटारला रूप दिलं, तीही बांधलेल्या तारांचीच. पिन नंतर आली असं नाही, दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदल्या. पण बिनपिनांचं कुळ जुनं आहे एवढं नक्की. फरक इतकाच की ऊदच्या तारा आतड्याच्या असत, पुढे नायलॉनच्या झाल्या. त्यांचा ताण कमी. पोलादी तार आली आणि हिशेब बदलला.

हिशेबच करून बघू. बारा नंबरच्या म्हणतात त्या सहा तारांचा एकूण ताण सत्तर-पंचाहत्तर किलोच्या आसपास असतो. एक धडधाकट माणूस त्या घोडीला रात्रंदिवस लोंबकळतो आहे असं समजा. घोडीचा तळ साधारण पन्नास चौरस सेंटिमीटर. म्हणजे चौरस सेंटिमीटरला दीड किलो. कुठलाही बरा सुतारी डिंक याच्या कितीतरी पट भार सहज पेलतो. मग घोड्या उखडतात कशा?

उखडतात, कारण ओढ सरळ नसते. तारा तबलीपासून साधारण बारा मिलिमीटर उंचीवर असतात, म्हणून त्या घोडीला पुढे लोळवू पाहतात. पुढची कड तबलीत दबते, मागची कड वर उचलली जाते. लिफाफ्याचं तोंड दोन्ही बाजूंनी सरळ ओढून पाहा, निघत नाही. कोपऱ्यातून सोलायला घ्या, लगेच निघतं. डिंकाला सोलणं सोसत नाही. बिनपिनांच्या घोडीत नेमकी मागची कड उघडी पडते, कारण तार तिथूनच ओढते आणि आतून आवळणारा मणी नसतो.

दुसरं कारण आपल्या कोकणाचं आहे, आणि माझ्या मते मोठं तेच आहे. तबली बहुधा स्प्रूस या हलक्या सूचिपर्णी लाकडाची. तिचे धागे तारांच्या दिशेने उभे जातात. घोडी शिसवीसारख्या जड लाकडाची, आणि तिचे धागे आडवे. लाकूड दमट हवेत फुगतं ते धाग्यांच्या आडव्या दिशेने. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणजे पावसाळ्यात तबली रुंदीत वाढू बघते आणि तिच्या छातीवर चिकटलेली घोडी वाढायला तयार नसते. बरे कारखाने पन्नास टक्क्यांच्या आतबाहेरच्या आर्द्रतेत गिटार जुळवतात. आमच्याकडे जुलैत हवा पंच्याऐंशी-नव्वदच्या घरात. घोडीखालचा दीडशे मिलिमीटरचा पट्टा मोकळा सोडला तर एवढ्या फरकाने तो दीड-दोन मिलिमीटर रुंदावेल. घोडी त्याला रोखते, म्हणून तबली फुगवटा धरते आणि मागच्या कडेवरचा ताण वाढतो. चाचा हे एका वाक्यात सांगतात, "लाकूड कापलं म्हणून मेलं नाही, पाणी पितं अजून."

आता एक प्रत्यक्षातलं उदाहरण. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा. कौलं उडाली, पत्रे उडाले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, आणि किती तरी गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. कोर्लईच्या एका तरुणाच्या घराचं छप्पर गेलं. कोर्लई म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याचं ते गाव, जिथले ख्रिस्ती लोक आजही पोर्तुगीजातून घडलेली आपली वेगळी बोली बोलतात. १७४० मध्ये पोर्तुगीज इथून गेले, भाषा राहिली. हा मुलगा चर्चमध्ये गाण्याला साथ करतो, लग्नांत वाजवतो, चार पैसे मिळवतो. गिटार बिनपिनांच्या घोडीची, बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने परदेशातून आणलेली. वादळात ती पिशवीत होती म्हणून फुटली नाही. पण अख्खा पावसाळा ओलसर भिंतीशी उभी राहिली. ऑक्टोबरात तो माझ्याकडे आला तेव्हा घोडीच्या मागे जाड पोस्टकार्ड सहज आत जात होतं. टाळेबंदीचं वर्ष, लग्नं नाहीत, हातात पैसा नाही. नाताळाला वाजवायचं होतं. एका ठिकाणी त्याला सांगण्यात आलं होतं, दोन स्क्रू मार, विषय संपव.

स्क्रूचा सल्ला सर्रास मिळतो आणि तो मला पसंत नाही. तबली जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. स्क्रू घोडीला दोन ठिकाणी धरतो, मागची कड उचलायची ती उचलतेच, आणि मग एक दिवस घोडी तबलीचा तुकडा घेऊनच बाहेर येते. फटीत सुईने डिंक भरणं हीसुद्धा तात्पुरती मलमपट्टी. आत धूळ, जुना डिंक, ओल. त्यावर नवा डिंक काय धरणार? पोस्टकार्ड आत जायला लागलं की घोडी पूर्ण काढायची, हाच सरळ मार्ग.

पण लगेच नाही. चाचांनी त्याला दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलं. तारा सैल करून, गिटार आतल्या खोलीत कपाटाच्या वर ठेवायची. फुगलेल्या तबलीवर घोडी बसवली तर तबली हिवाळ्यात आकसताना तोच जोड उलट्या बाजूने ताणला जातो. आमच्या किनाऱ्यावर या कामाचा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

घोडी काढायला आम्ही इस्त्री वापरली. भोवतीच्या तबलीवर पुठ्ठा आणि त्यावर स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद, घोडीवर घडी केलेलं फडकं आणि वर मध्यम तापलेली इस्त्री. सॅडल आधी काढून ठेवायचं. डिंक ऊन लागला की मऊ होतो. मग कडा बोथट केलेलं पातळ पातं मागच्या बाजूने सरकवायचं, धाग्यांच्या दिशेचा अंदाज घेत. इथे घाई केली की तबलीची सालं निघतात. अर्धा तास लागला तरी लागू द्यावा.

घोडी निघाल्यावर खरं कारण दिसलं. तळाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लाकडावर नव्हताच. चकचकीत पॉलिशवर डिंक लावून चिकटवलेला होता. कारखान्यात वेळ वाचवायला असं करतात. पॉलिश तबलीला धरून राहतं, डिंक पॉलिशला धरतो, आणि सगळा भार त्या पापुद्र्यावर. डिंक कितीही चांगला असला तरी पापुद्र्याहून घट्ट कसा राहणार? तेव्हा घोडीची जागा बारीक पेन्सिलीने आखून, रेघेच्या किंचित आतून धारदार सुरीने फक्त पॉलिशचा थर कापायचा, खालचे धागे न तोडता, आणि आतलं पॉलिश, जुना डिंक खरवडून स्वच्छ लाकूड उघडं करायचं. पाणी ओतून भिजवू नये. घोडीचा तळही कानस आणि पॉलिश पेपर मारून ताजा करायचा. शिसवीत मूळचा तेलकटपणा असतो, म्हणून डिंक लावण्याच्या थोडं आधी तळ स्पिरिटच्या फडक्याने पुसून वाळू द्यायचा.

नंतरची गोष्ट फार जण विसरतात. तबली दिसायला सपाट, पण ती किंचित फुगीर असते. घोडीचा तळ तितकाच खोलगट हवा. युक्ती सोपी आहे. तबलीवर घोडीच्या जागी पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून चिकटपट्टीने बसवायचा आणि त्यावर घोडी पुढेमागे घासायची. तबली आपला आकार स्वतःच घोडीला देते. कुठेही उजेड दिसेनासा झाला की थांबायचं. फट राहिली तर ती क्लॅम्पने दाबून मिटवता येते, हे खरं; पण दाबून मिटवलेली फट आयुष्यभर उघडायला बघते.

आता जागा. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजायचं आणि तेवढंच पुढे जायचं. तार दाबली की थोडी ताणली जाते, सूर चढतो. त्याची भरपाई म्हणून सॅडल आणखी मागे घ्यावं लागतं, बारीक तारेला दोनेक मिलिमीटर, जाड तारेला चार-पाच. म्हणून ते तिरकं असतं. आडव्या दिशेने दोन्ही कडेच्या तारा मानेच्या कडांपासून सारख्या अंतरावर आल्या पाहिजेत. जुनी खूण दिसते म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पुन्हा मोजावं.

इथे बिनपिनांच्या घोडीची खास अडचण येते. पिनवाल्या घोडीला सहा भोकं असतात, तिच्या दोन भोकांतून बोल्ट टाकला की ती जागची हलत नाही. हिला भोकंच नाहीत. ओल्या डिंकावर दाब दिला की ती साबणाच्या वडीसारखी सरकते, आणि अर्धा मिलिमीटर सरकली तरी वाद्य कायमचं बेसूर. यावर उपाय असा की सॅडल बसतं त्या खाचेच्या तळात दोन टोकांना दीड मिलिमीटरची भोकं पाडायची, ती तबलीत थोडी उतरवायची, आणि त्यांत बांबूच्या दोन काड्या खिळ्यासारख्या बसवायच्या. वर सॅडल आलं की त्या दिसत नाहीत. या काड्या भार घेत नाहीत, फक्त जागा धरतात.

डिंकावरून चाचांचं आणि माझं जुनं भांडण आहे. त्यांचं मत सरसाचं. जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस रात्रभर थंड पाण्यात भिजवायचा, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून साठ अंशांच्या आसपास तापवायचा, उकळू द्यायचा नाही. सुकला की काचेसारखा कडक. त्यात ताणाखाली हळूहळू सरकण्याचा दोष नाही, आणि पुढे कधी काढायचा झाला तर ऊन-ओलाव्याने सुटतो. जुन्या वाद्यकारांनी शतकानुशतकं तोच वापरला. माझं म्हणणं, सरस कोरड्या हवेत राजा. आमच्या किनाऱ्यावर चार महिने हवाच त्याला पाणी पाजते. शिवाय तो मिनिटाभरात थिजतो, दोन नवशिके हात तेवढ्यात क्लॅम्प लावू शकत नाहीत. सुतारांचा नेहमीचा पांढरा डिंक, ज्याला सगळे एकाच कंपनीच्या नावाने ओळखतात, खुर्चीला उत्तम. पण सततच्या ताणाखाली आणि उन्हात तो थोडा थोडा वाहतो. त्याच कुळातला पिवळा डिंक, टाइटबॉन्डच्या जातीचा, सुकल्यावर जास्त कडक होतो. कोर्लईच्या गिटारला पिवळा लावला. चाचा दिवसभर बोलले नाहीत माझ्याशी.

डिंक लावण्याआधी कोरडी तालीम करायची. एका बाजूला गिटार, दुसऱ्या बाजूला लांब तोंडाचे तीन सी-क्लॅम्प, जे मधल्या गोल भोकातून आत जातील. आत, तबलीखाली, एक्सच्या आकारात आडवेतिडवे टेकू असतात. क्लॅम्प त्यांच्यावर आला तर तेच मोडतील. म्हणून आतल्या टेकूंना चुकवील अशी लाकडी ठोकळी तयार ठेवायची आणि आरसा धरून बघायची. मधला क्लॅम्प आधी, मग दोन्ही टोकांचे. कडेने डिंकाचे बारीक मणी सगळीकडून सारखे बाहेर आले म्हणजे बसलं. कुठे आलेच नाहीत तर तिथे डिंक कमी पडला किंवा फट आहे. फार आवळू नये, सगळा डिंक पिळून निघतो. बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने लगेच पुसायचा.

पुस्तकात चोवीस तास लिहिलेले असतात. आम्ही क्लॅम्प एक दिवसाने काढले आणि तारा तिसऱ्या दिवशी चढवल्या, त्याही दहा नंबरच्या. त्यांचा ताण साठ किलोच्या आसपास, म्हणजे घोडीला दहा-पंधरा किलोची सवलत. आवाज थोडा बारीक होतो. मुलाने तक्रार केली, मी ऐकून घेतली. पहिल्या दिवशी दोन सूर खाली लावून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी एक, मग पूर्ण. तारा ओवताना घोडीच्या मागे एक जुनं पोस्टकार्ड आडवं ठेवायचं, कारण बिनपिनांच्या घोडीत तारेचं टोक मागून आत ढकलताना तबलीवर ओरखडे उठतात.

आठ दिवसांनी पातळ कागद मागच्या कडेला सरकवून पाहायचा. तो कुठेच आत जाता कामा नये. हीच परीक्षा एप्रिलमध्ये एकदा, आणि पाऊस स्थिरावल्यावर जुलैत एकदा. जूनपासून वाजवून झालं की तारा एक-दोन सूर उतरवून ठेवायच्या, गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवायची नाही, आणि बंद मोटारीत उन्हात तर मुळीच ठेवायची नाही. इस्त्रीने आम्ही जे केलं, तेच तिथे ऊन करतं.